तारण कुणाचे?

आज गोव्यातल्या नार्वेच्या सप्तकोटेश्वराच्या दीपमाळेपाशी बराच वेळ उभा होतो. पोर्तुगीज धाडींतून वाचवून भक्तांनी हा देव दिवाडी बेटावरून नदीपार डिचोलीच्या बाजूस आणला. १६६८ साली शिवाजी महाराजांनी देऊळ पुन्हा उभारले. इथे माणसांनी देवाला तारले. उलट, १६१६ साली गोव्यातच रायतूरला छापलेल्या फादर स्टीफन्सच्या मराठी ‘क्रिस्तपुराणा’त देवच माणूस होऊन पापात बुडालेल्याला तारायला येतो. कृपा आधी, पुण्याई मागून. ही श्रद्धा मला फार मोठी वाटते, आणि म्हणूनच पोर्तुगीजांनी धाक घालून दिलेल्या बाप्तिस्म्याला मी तारण म्हणणार नाही. या धाकाची झळ सगळीकडे सारखी नव्हती. पेडणे-डिचोली पोर्तुगीजांच्या हाती कायमची पडली अठराव्या शतकाच्या अखेरीस. तोवर सक्तीचा जोर ओसरला होता. तिथली देवळे बहुतांशी जागीच राहिली.