वैशाखातील मेळघाट आणि परतीचा रस्ता

तेल्हारा हे गाव दोन निराळ्या भूमींच्या मध्ये वसले आहे. दक्षिणेस पूर्णा नदीचे सपाट, काळ्या मातीचे खोरे आणि उत्तरेस सातपुड्याची निळसर रेघ. खोऱ्याचा मोठा भाग खारपाण पट्ट्यात येतो. तेथील विहिरींचे पाणी मचूळ लागते, म्हणून अनेक गावांची तहान वान नदीवरील धरणावर भागते. वैशाखात हे खोरे तापले, की येथील माणसांना चिखलदऱ्याची आठवण येते. सुमारे 1,100 मीटर उंचीवरचे हे विदर्भातील थंड हवेचे ठिकाण अकोट, अंजनगाव सुर्जी आणि परतवाडा या वाटेने सहज एका दिवसाच्या टप्प्यात आहे. घरातील वृद्धांना चार दिवस तेथील गारव्यात ठेवावे, असे कोणत्याही मुलाला वाटणे स्वाभाविक आहे.

परंतु आपण गारवा शोधायला निघतो, तेच दिवस मेळघाटात वणव्याचे असतात. हे सागाचे पानगळी जंगल आहे. फाल्गुनापासून जमिनीवर वाळलेल्या पाल्याचा थर साचतो. मोहफुले वेचण्यासाठी झाडाखालचा पाला जाळला जातो, कोणी विडीचे थोटूक टाकतो, आणि वाऱ्यावर आग डोंगर चढते. वनखाते 15 फेब्रुवारी ते 15 जून हा आगीचा हंगाम मानते. त्याआधी जाळरेषा काढल्या जातात आणि उपग्रहावरून येणाऱ्या आगीच्या सूचनांवर लक्ष ठेवले जाते. एवढे करूनही दर उन्हाळ्यात कुठे ना कुठे डोंगर धुमसतोच.

अशाच एका मे महिन्यात आम्ही पहाटे पाच वाजता तेल्हाऱ्याहून निघालो. सोबत 79 वर्षांची आई आणि तिची धाकटी बहीण, म्हणजे मावशी. आईला जुना दमा, तर मावशीला रक्तदाब. लग्नानंतर पहिल्यांदा पाहिलेले देवी पॉइंटचे मंदिर पुन्हा एकदा पाहावे, ही आईची इच्छा होती. निघताना सर्वांसमक्ष एक गोष्ट ठरली होती : गाडीतल्या कोणीही ‘पुरे’ म्हटले, की कारण न विचारता गाडी वळवायची.

सावलीसाठी आम्ही अकोटहून पोपटखेडच्या बाजूचा जंगलरस्ता धरला. डोंगर सुरू झाला तसे समोर धुके दिसू लागले. मे महिन्यात धुके कसले? थोड्याच वेळात काचेवर राखेचे कण पडले आणि जळक्या पाल्याचा वास आला. एका वळणावर वनरक्षक ओल्या फांद्यांनी आगीची कड झोडपत होते. पुढचा रस्ता सुरक्षित नाही, असे त्यांनी सांगितले. तरीही थोडे थांबावे, धूर विरेल, असा विचार मनात येत होता. आईला विचारले, तर ती म्हणाली, “मी बरी आहे.” पण तीन शब्दांत तिने दोनदा श्वास घेतला. मावशीने तो ऐकला आणि ती म्हणाली, “पुरे.”

गाडी वळवली. काचा बंद केल्या, बाहेरची हवा आत येणार नाही अशी वातानुकूलनाची कळ फिरवली आणि डॉक्टरांनी सांगितलेल्या प्रमाणात आईला इनहेलर दिला. अकोटला नातेवाइकांच्या घरी पोहोचलो, तेव्हा साडेनऊ वाजले होते. परतवाड्याचा सरळ रस्ता मोकळा होता, पण तोपर्यंत ऊन चढले होते. आम्ही तेथेच थांबलो. दुपारी चारच्या सुमारास आभाळ भरून आले, वादळ सुटले आणि गारा पडल्या. संध्याकाळी रस्त्यावर झाडे पडल्याच्या वार्ता येऊ लागल्या.

वऱ्हाडातील उन्हाळ्याचे हे तिन्ही अवतार आहेत. मे 2024 मध्ये अकोला जिल्ह्यात पारा 45 अंशांच्या वर गेला, तेव्हा प्रशासनाने 25 ते 31 मे या काळात कलम 144 लागू केले होते. त्याआधी 9 एप्रिल 2023 रोजी बाळापूर तालुक्यातील पारस येथे वादळात कडुनिंबाचे झाड मंदिराजवळच्या पत्र्याच्या शेडवर कोसळले आणि तिच्या आश्रयाला असलेल्या सात जणांचा मृत्यू झाला. वादळात झाडाखाली किंवा पत्र्याखाली थांबू नये. विजा चमकत असता झाडांपासून दूर उभ्या केलेल्या गाडीत काचा लावून बसणे अधिक बरे.

वृद्धांच्या बाबतीत आणखी काही गोष्टी ध्यानात ठेवाव्यात. वयानुसार तहानेची जाणीव मंदावते, म्हणून मागण्याची वाट न पाहता थोडे थोडे पाणी द्यावे. हृदय वा मूत्रपिंडाचा विकार असल्यास पाण्याचे आणि मिठाचे प्रमाण डॉक्टरांना विचारून ठरवावे. लघवी वाढवणाऱ्या गोळ्यांबद्दलही निघण्यापूर्वीच सल्ला घ्यावा. त्या आपल्या मनाने बंद करू नयेत. इन्सुलिन थंड राहील असे ठेवावे, मात्र बर्फाला थेट लागू देऊ नये. इनहेलर उन्हात तापलेल्या गाडीत सोडू नये. धुरातील सूक्ष्म कण ओल्या रुमालाने अडत नाहीत. घट्ट बसणारा एन-95 मास्क जवळ असावा, पण त्याने दम कोंडत असेल, तर धुरातून बाहेर पडणे हाच उपाय. अंग तापले, बोलणे असंबद्ध झाले, तर तो उष्माघात समजावा. सावलीत नेऊन अंगावर पाणी शिंपडावे, वारा घालावा आणि 108 क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी. शुद्ध हरपत असल्यास तोंडात पाणी घालू नये.

या साऱ्याहून अवघड असते ते परत फिरणे. तरुण माणूस ‘पुन्हा येऊ’ सहज म्हणतो; ऐंशीच्या उंबरठ्यावरील माणसाला ते शब्द पोकळ वाटतात. म्हणूनच दम लागला, तरी ती ‘मी बरी आहे’ म्हणतात. त्या संध्याकाळी अकोटच्या घरात आम्ही कालनिर्णय काढले आणि डिसेंबरातील एका रविवारावर पेन्सिलीने खूण केली. आईने ती तारीख दोनदा वाचली आणि म्हणाली, “डोंगर काई पयून जात नाई, बापू. थंडीत येऊ.” रात्री ती स्वस्थ झोपली.

वडीलधाऱ्यांना घेऊन उन्हाळ्यात निघताना मुक्कामाबरोबर परतण्याची जागाही ठरवून ठेवावी. आणि परतावे लागलेच, तर त्यांच्यासमोर बसून पुढची तारीख लगेच ठरवावी आणि ती पाळावी.