मागचा दिवा

कार्तिकी पौर्णिमेनंतर चातुर्मास संपून साध्वीजींचा विहार सुरू झाला, तेव्हा शिरूरच्या एका कापडव्यापाऱ्याने आपली गाडी विहारसेवेसाठी दिली. तो स्वतःच ती चालवीत असे. ईर्यासमिती पाळणाऱ्या साध्वीजींची नजर पुढच्या जमिनीवर असते. पाठीमागून भरधाव येणारे वाहन त्यांना दिसत नाही. म्हणून उजाडताच्या धूसर प्रकाशात गाडी त्यांच्या मागे हळूहळू चाले, चारही इंडिकेटर लावून.

तिसऱ्या दिवशी चहाच्या टपरीवर एक ट्रकचालक म्हणाला, "शेठ, तुमचा उजवा ब्रेक लाइट लागत नाही." व्यापाऱ्याला ते पटेना. आदल्या रात्रीच त्याच्या मुलाने मागचे दोन्ही लाल दिवे पेटलेले पाहिले होते.

खरे तर दोघांचेही बरोबर होते. त्या जागी एकाच बल्बमध्ये दोन तारा असतात. बल्बवर 'पी २१/५ डब्ल्यू' असे लिहिलेले असते. ५ वॉटची तार रात्री मागचा दिवा म्हणून जळते, २१ वॉटची ब्रेक दाबताच उजळते. मोठी तुटली तरी लहान जळतच राहते आणि धन्याला वाटते, सर्व ठीक आहे. पाठीमागून येणाऱ्याला मात्र गाडीचा वेग मंदावल्याचे त्या बाजूने कळत नाही.

सुट्या भागांच्या दुकानात पहिला प्रश्न आला, "मॉडेल कोणते?" "व्हीएक्सआय," व्यापाऱ्याने सांगितले, पण त्या अक्षरांचा अर्थ त्याने कधी विचारला नव्हता. ताग्यावरच्या चिठ्ठीतला सांकेतिक भाव डोळे मिटून वाचणाऱ्या माणसाचे हे नवलच! मारुतीच्या नावांत एल, व्ही, झेड या सोयींच्या चढत्या पायऱ्या, शेवटचा आय इंधन इंजेक्शनचा, आणि व्हीडीआयमधला डी डिझेलचा. वरच्या पायरीवर काही गाड्यांत दिवेच निराळे असतात, म्हणून दुकानदार विचारतो. तरी जुना बल्ब सोबत नेणे सर्वांत भरवशाचे. दोन तारांच्या या बल्बच्या बुडाशी दोन खिळे कमीजास्त उंचीवर असतात, त्यामुळे तो उलटा बसतच नाही. इंडिकेटरच्या पिवळ्या बल्बचे खिळे समोरासमोर नसतात, ते मात्र त्या जागी चुकून साधा पांढरा बल्ब बसू नये म्हणून.

पुढच्या दिव्यासाठी दुकानदाराने १००/९० वॉटचा बल्ब दाखविला. "भाव थोडाच जास्त, उजेड दुप्पट." व्यापाऱ्याने तो घेतला नाही. गाडीचा एच-४ बल्ब ६०/५५ वॉटचा. त्याहून मोठ्याने होल्डर आणि तारा तापतात, समोरच्याचे डोळे दिपतात. विहाराच्या वाटेवर हा सौदा महागच. हॅलोजनच्या काचेला बोट लावू नये, एवढे मात्र त्याने दुकानदाराकडून शिकून घेतले. हाताचा तेलकटपणा काचेवर राहिला की तेवढी जागा अधिक तापते आणि बल्ब लवकर जातो.

दिवा थंड करून बल्ब बदलायला दहा मिनिटे लागली. आता रोज निघण्यापूर्वी तो गाडी दुकानाच्या पांढऱ्या भिंतीकडे पाठ करून उभी करतो, ब्रेक दाबतो आणि आरशात पाहतो. भिंतीवर दोन लाल ठसे सारखे उमटले, की गाडी उपाश्रयाकडे वळते.