अहेरीच्या गॅरेजातली संध्याकाळ

तुम्ही कधी अहेरीला आलात तर सगळे तुम्हाला आधी प्राणहिता दाखवायला नेतील. चपराळ्याजवळ वर्धा आणि वैनगंगा एकमेकींना भेटतात आणि पुढे प्राणहिता म्हणून वाहतात. नदीपलीकडे तेलंगणा. म्हणूनच अहेरीच्या बाजारात मराठी, तेलुगू, गोंडी, माडिया, हिंदी अशा सगळ्या भाषा एकदम कानावर पडतात. मग तुम्हाला आलापल्लीचं सागवानाचं जंगल दाखवतील. तिथल्या जुन्या जंगलाचा एक भाग २०१४ मध्ये जैवविविधता वारसा स्थळ म्हणून जाहीर झाला. वर बघून बघून मान दुखेल, एवढी उंच झाडं आहेत तिथे!

मी मात्र आज तुम्हाला अहेरीतल्या एका गॅरेजात नेणार आहे. चला, कपडे मळले तर मळू देत.

माझी शाळा पेरमिलीच्या पलीकडे, मुख्य रस्ता सोडून आत जंगलात आहे. पाचवीच्या शिष्यवृत्ती परीक्षेचं आमचं केंद्र होतं अहेरी. फेब्रुवारी महिना, पळस नुकता फुलू लागलेला. आदल्या दिवशी नऊ मुलं, दोन पालक, मी आणि सगळ्यांची बोचकी घेऊन गावातली जुनी जीप निघाली. ही जीप माझ्यापेक्षा वयाने मोठी! जीप ही मूळची लढाईतली गाडी. दुसऱ्या महायुद्धात, १९४१ पासून, अमेरिकेत ती सैन्यासाठी बनू लागली. आपल्याकडे १९४७ मध्ये मुंबईत महिंद्रांनी तिची जुळणी सुरू केली. पुढे ती खेड्यापाड्यांत पोचली आणि आमच्यासारख्यांची बैलगाडी झाली.

गावाबाहेरच्या नाल्यात मागचं चाक वाळूत गरगर फिरलं, एकदम दगडावर चढलं आणि 'कट्ट' असा आवाज आला. इंजिन चालू, गिअर पडलेला, पण जीप जागची हलेना.

"हाफ शाफ्ट गेला, बाई," ड्रायव्हरभाऊ म्हणाले.

आता हाफ शाफ्ट म्हणजे काय? मागच्या दोन चाकांच्या मध्ये जो लोखंडी गोळा दिसतो ना, त्याला डिफरेन्शियल म्हणतात. त्यातून डावीकडे एक आणि उजवीकडे एक असे दोन पोलादी दांडे चाकांपर्यंत जातात. तेच हाफ शाफ्ट. चाकं फिरवतात ते हेच. मग दोन्ही चाकांना मिळून एकच दांडा का नाही? लेझीमची रांग वळताना आठवा. आतला मुलगा जागच्या जागी पावलं टाकतो आणि बाहेरच्याला पळावं लागतं. गाडी वळताना चाकांचंही तसंच होतं. बाहेरच्या चाकाला जास्त अंतर जावं लागतं. म्हणून डिफरेन्शियल दोघांना वेगवेगळ्या वेगाने फिरू देतं. पण त्यात एक गोची आहे. एक दांडा तुटला की इंजिनाची सगळी ताकद त्या सोप्या, मोकळ्या बाजूला निघून जाते आणि धडधाकट चाक तसंच उभं राहतं!

मग जीप अहेरीला पोचली कशी? पुढच्या चाकांनी! ड्रायव्हरभाऊंनी मागचं चाक हलवून बघितलं. ते घट्ट होतं. मग त्यांनी पुढच्या चाकांना जोर देणारा दांडा ओढला आणि जीप नाल्यातून वर आली. मुलांना मात्र मी परत तिच्यात बसवलं नाही. आम्ही मुख्य रस्त्यापर्यंत चालत गेलो आणि एसटी धरली. रिकामी जीप हळूहळू मागून आली.

पण खरी काळजी परतीची होती. आमच्या गावापर्यंत एसटी येत नाही आणि रात्री लहान मुलांना जंगलातून चालवणं शक्य नव्हतं. दुसऱ्या दिवशी पेपर संपेपर्यंत जीप दुरुस्त व्हायलाच हवी होती. मुलं मुक्कामाच्या जागी उजळणीला बसली आणि मी गॅरेज गाठलं. बघते तर माझा एक विद्यार्थी माझ्या मागे हजर! त्याचं नाव सांगत नाही, लाजेल तो. घरी माडिया बोलणारा हा मुलगा वर्गात वर्षभरात माझ्याशी चार वाक्यंसुद्धा मराठीत बोलला नव्हता. मला वाटायचं, याला काही येत नाही.

"राहू द्या जी त्याला," मिस्त्रीकाका म्हणाले.

त्यांनी आधी पुढच्या चाकांना दगड लावले. मग चाकाचे नट थोडे सैल केले आणि त्यानंतर जॅक लावला. जॅक लावून झाल्यावर खाली सागाचा जाड ठोकळा सरकवला. "नुसत्या जॅकवर भरवसा ठेवायचा नाही," ते म्हणाले. मोठ्यांनीही हे लक्षात ठेवावं.

चाक निघालं. मधल्या मोठ्या नटाची पिन सरळ करून काढली, नट सैल केला, पण पूर्ण काढला नाही. हब शाफ्टच्या निमुळत्या टोकावर इतका घट्ट बसलेला असतो की तो हाताने निघत नाही. त्याला पुलर लावून स्क्रू आवळत न्यायचा आणि वर हातोड्याचा एक ठोका. 'ठण्ण!' करून हब सुटला. नट तसाच होता म्हणून अंगावर आला नाही. मग ब्रेकची नळी सोडवली, सहा बोल्ट काढले. ब्रेकच्या पत्र्यामागे कागदासारख्या पातळ पोलादी चकत्या होत्या. त्यांना 'शिम' म्हणतात. बेअरिंग किती घट्ट बसणार ते या चकत्या ठरवतात. एक जरी कमी पडली तरी बेअरिंग आवळतं, तापतं आणि जाम होतं. काकांनी त्या वर्तमानपत्रावर ठेवल्या.

शेवटी शाफ्ट ओढला. आतलं टोक तुटलेलं! उरलेला तुकडा काढायला मागचं झाकण उघडून सगळं ऑइल परातीत काढावं लागलं. काकांनी तुटलेली बाजू मला दाखवली. अर्धी काळपट होती आणि अर्धी चकचकीत.

"काळी भेग जुनी आहे, बाई. आज फक्त चकचकीत तेवढं तुटलं."

मी गप्प झाले. किती दिवस आम्ही त्या जीपमध्ये दाटीवाटीने माणसं कोंबत होतो!

नवा शाफ्ट सकाळच्या एसटीने चंद्रपूरहून आला. दुपारी दुसरा पेपर सुटला तसे आम्ही दोघं पुन्हा गॅरेजात. काका शाफ्ट बसवून शिम लावत होते. तेवढ्यात माझ्या शेजारून आवाज आला,

"एक राहिली."

काकांनी हातातल्या मोजल्या. "तीनच होत्या, बेटा."

"चार होत्या," तो म्हणाला आणि पुढे होऊन त्याने वर्तमानपत्र उलटं केलं. ग्रीसने चिकटलेली चौथी चकती कागदाच्या मागच्या बाजूला होती! काल मी पिना आणि बोल्ट बघत होते, तेव्हा हा मनातल्या मनात त्याच्या भाषेत चकत्या मोजत होता.

काकांनी चकती पुसली आणि त्याच्याच हातात दिली. "तूच लाव."

संध्याकाळी आम्ही निघालो. या खेपेला सहा मुलं जीपमध्ये, बाकीची तीन पालकांबरोबर एसटीने मुख्य रस्त्यापर्यंत. तिथून जीपने दोन फेऱ्या केल्या. उशीर झाला, पण सगळे आपापल्या घरी पोचले. वाटेत थांबून ड्रायव्हरभाऊंनी हबला हात लावून बघितला. तो तापला नव्हता.

सोमवारी मी वर्गात त्याला 'किती?' असं मराठीत विचारलं नाही. चिंचोके पुढे ठेवले आणि म्हटलं, "तुझ्या भाषेत मोज, आम्हाला शिकव." त्याने मोजलं. सगळा वर्ग त्याच्यामागून म्हणाला. मीही म्हणाले आणि दोनदा चुकले!

मित्रांनो, तुमच्याही वर्गात असा एखादा गप्प मुलगा किंवा मुलगी असेल. एकदा त्याच्या शेजारी जाऊन बसा आणि तो काय मोजतोय ते विचारा. आणि हो, जीपमध्ये दाटीवाटीने बसायचं नाही, हे घरच्यांनाही सांगा बरं का!