हातचा न घेतलेला गुणाकार

मी राहतो पालघरला आणि संध्याकाळचा क्लास घेतो बोईसरला. मध्ये उमरोळी एवढं एकच स्टेशन, पण डहाणू लोकल हुकली की तासाचा बट्ट्याबोळ. पोरं बहुतेक तारापूर एमआयडीसीत कामाला असणाऱ्यांची. कुणाचे वडील फर्स्ट शिफ्टला, कुणाचे नाइटला. घरात कुणी भोजपुरी बोलतं, कुणी ओडिया, कुणी वाडवळी. गणित मात्र सगळ्यांचं एकाच ठिकाणी अडतं.

नववीच्या पुस्तकात 'बहुपदी' हा धडा आहे. तिथला गुणाकार मी बरीच वर्षं बाणांनी शिकवला. (x+2)(x+3) लिहायचं, वरून दोन कमानी, खालून दोन कमानी, चार गुणाकार, झालं. पोरं खूश, मीही खूश. गेल्या पावसाळ्यात फळ्यावर (x+2)(x²+3x+4) लिहिलं आणि एका मुलानं नेहमीचे चार बाण काढून खडू खाली ठेवला. "सर, एक पद उरलं. त्याला बाण कुठला?" चूक त्याची नव्हतीच. गुणाकार म्हणजे चार बाण, हे त्याला मीच पढवलं होतं.

मला काय सुचलं कोण जाणे. म्हटलं, ते पूस आणि 134 गुणिले 12 कर. उभी मांडणी.

त्यानं केलं. दोननं गुणून 268. खाली एक घर सोडून 134. बेरीज करताना दशकाच्या घरात सहा नि चार दहा, शून्य लिहिलं, हातचा एक. शतकात दोन नि तीन पाच, हातच्याचा एक, सहा. उत्तर 1608.

शेजारी तशीच मांडणी बहुपदीची करायला लावली. वर 2x²+6x+8. खाली एक घर डावीकडे सरकवून x³+3x²+4x. बेरीज: x³+5x²+10x+8. तिसरं पद आपोआप आपल्या घरात जाऊन बसलं. बाण लागलेच नाहीत.

भास्कराचार्यांनी बाराव्या शतकात 'बीजगणिता'त हेच सांगून ठेवलंय: व्यक्त संख्यांना जी खंडगुणनाची रीत, तीच अव्यक्तांनाही लावायची. मी हे वाचलं होतं. पण वाचलेलं फळ्यापर्यंत पोचायला माझी नोकरीची निम्मी वर्षं गेली.

मागच्या बाकावरची एक मुलगी म्हणाली, "सर, इथे दहा x आलेत. हातचा का नाही घेतला?"

असा प्रश्न क्वचित येतो. म्हटलं, दहा दशकांचं एक शतक होतं, कारण तिथे दहाच्या पटीत घरं आहेत. x किती ते आपल्याला कुठे ठाऊक आहे? दहा x चा एक x² होईलच असं नाही. म्हणून दहा तसेच ठेवायचे. हातचा घ्यायची परवानगीच नाही, म्हणून बीजगणिताचा गुणाकार खरं तर सोपा. x ला दहा धरा, हातचा परत येतो आणि 1608 मिळतात.

"आणि सात धरला तर?"

घड्याळात पावणेआठ झाले होते. तरी म्हटलं, करून बघ. तिनं आठातून सात काढले, एक लिहिला, हातचा एक. दहा नि एक अकरा, त्यातले सात गेले, चार, पुन्हा हातचा एक. पाच नि एक सहा. पुढे एक. फळ्यावर 1641 उभे राहिले. पहिला मुलगा तोवर वहीत 9 गुणिले 74 करून बसला होता, त्याचे आले 666.

"सर, कुणाचं बरोबर?"

मी 343, 294, 28 आणि 1 एकाखाली एक लिहिले आणि बेरीज करायला खडू तिच्या हातात दिला. लोकल तेव्हाच गेली होती.