आप्पांचे इंजिन

जत तालुक्यातील आमच्या विहिरीवरचे डिझेल इंजिन २००३ च्या दुष्काळात बंद पडले, असे मी इतकी वर्षे सांगत आलो. ते बंद पडले नव्हते, बंद केलेले होते. हे कळायला एक मिस्त्री भेटावा लागला.

जत हा कृष्णेच्या जिल्ह्यातला, पण कृष्णेपासून दूरचा, कर्नाटकाच्या सीमेला टेकलेला तालुका. त्या वर्षी विहिरीचा तळ उघडा पडला आणि आप्पांनी इंजिनावर गोणपाट टाकले. मी तेव्हा नुकताच महाविद्यालयात मराठी शिकवू लागलो होतो. आप्पांनी शेतीची आशा सोडली, असा अर्थ मी लावला आणि जमीन विकून टाकावी, असे त्यांना सुचवलेही. ते काही बोलले नाहीत. आज आप्पा नाहीत. म्हैसाळहून टप्प्याटप्प्याने उचललेले कृष्णेचे पाणी तालुक्याच्या काही भागांत आले, आमच्या शिवारातला तलाव भरला आणि विहिरीला पाझर फुटला. मळ्यात वीज नव्हती. म्हणून गेल्या उन्हाळ्यात ते गोणपाट काढले.

मी लगेच हँडल हाती घेतले. मिस्त्रींनी ते काढून घेतले. "गडबड करू नका, सर. आधी ते आतून मोकळं आहे का बघू." वर्षानुवर्षे उभ्या इंजिनात दमट हवेने बोअर गंजतो, रिंगा चिकटतात; जोर लावला तर त्या तुटतात. त्यांनी नोझल काढून भोकातून आत बॅटरीचा उजेड टाकला. मग टॅपेटचे झाकण उघडले. दोन्ही टॅपेट सैल होते. म्हणजे दोन्ही व्हॉल्व्ह बंद, पिस्टन कॉम्प्रेशनवर उभा, बाहेरची हवा आत शिरायला वाट नाही. पिस्टनच्या माथ्यावर काळे, घट्ट तेल होते. सायलेन्सरच्या तोंडात चिंधी कोंबून वर पत्र्याचा डबा उपडा घातलेला होता.

"हे कुणी बंद केलं?"

"आमच्या आप्पांनी."

"मग त्यांना परत चालवायचं होतं."

नोझलच्या भोकातून डिझेल आणि तेल ओतून आम्ही इंजिन रात्रभर तसेच ठेवले. सकाळी फ्लायव्हील हाताने मागे-पुढे हलवता हलवता पूर्ण फिरले. एक चूक मात्र आप्पांकडूनही झाली होती. टाकीच्या तळाशी थोडे डिझेल राहिले होते. त्याचा डिंक होऊन पंपाचा प्लंजर अडकला होता. मिस्त्रींनी तो रॉकेलमध्ये भिजवून सोडवला, ताज्या डिझेलने ओला करून त्याच्या नळीत उभा धरला आणि सोडला. तो स्वतःच्या वजनाने सावकाश खाली उतरला, तेव्हा ते प्रथमच हसले. प्लंजर आणि नळी एकमेकांसाठीच घासलेली असतात. एकाला दुसऱ्याची जोड चालत नाही.

मग टाकी धुतली, फिल्टर आणि तेल बदलले, डिझेलच्या नळीतली हवा काढली. नोझल बाहेर जोडून फवारा पाहिला. त्यापुढे हात धरायचा नाही, तो कातडीत घुसतो, अशी ताकीद मिळाली. हँडल मारले तर नुसता पांढरा धूर. डिझेल पोहोचते आहे पण पेटत नाही, असा त्याचा अर्थ. हवेच्या वाटेने चमचाभर तेल आत सोडले, म्हणजे रिंगांच्या फटी बुजून कॉम्प्रेशन धरते. डीकॉम्प उचलून हँडलला वेग दिला, डीकॉम्प सोडला, आणि इंजिन बोलू लागले. विहिरीतल्या फूटव्हॉल्व्हची, म्हणजे आमच्याकडच्या भाषेत 'फुटबॉल'ची, चामडी वाळून लाकूड झाली होती. ती बदलल्यावर पाणीही आले.

याच सांगली जिल्ह्यात, तेव्हाच्या औंध संस्थानातील कुंडलजवळच्या माळावर, लक्ष्मणराव किर्लोस्करांनी १९१० मध्ये कारखाना उभारला. तेथूनच १९२० मध्ये 'किर्लोस्कर खबर' निघाले. मराठी नियतकालिकांचा इतिहास शिकवताना मी त्या मासिकावर तासन्तास बोललो आहे; ज्या शेतकऱ्यासाठी तेथे लोखंडी नांगर घडत होते, त्याच्याविषयी मात्र वाक्यभरही नाही. संहितेत जे लिहिलेले नाही तेही वाचावे, असे विद्यार्थ्यांना सांगणाऱ्या मला घरातली एक खूण वीस वर्षे वाचता आली नाही. आप्पांचे मौन मी होकार समजलो होतो. उत्तर त्यांनी आधीच सिलिंडरमध्ये ओतून ठेवले होते.

पावसाळ्याच्या तोंडाशी मी इंजिन बंद केले. पिस्टन कॉम्प्रेशनवर आणला, नोझलच्या भोकातून तेल सोडले, सायलेन्सरवर डबा घातला. टाकी मात्र शेवटच्या थेंबापर्यंत रिकामी केली.