काशीनरेशांची इंग्लंडातील विहीर

यज्ञयागादी कर्मे ती 'इष्ट' आणि विहीर, तळे, आमराई, धर्मशाळा इत्यादी लोकोपयोगी कामे ती 'पूर्त'. दोहोंचा समास 'इष्टापूर्त'. हा शब्द मी तीस वर्षे वर्गात मुलांना फोडून सांगितला. परंतु त्याचा अर्थ मला प्रत्यक्ष दिसला तो इंग्लंडातील एका आडवळणाच्या खेड्यात, हे सांगितल्यास वाचकांस नवल वाटेल.

माझी कन्या तिकडे रेडिंग शहरी असते. तिच्याकडे काही दिवस राहावयास गेलो असता एका रविवारी जावई म्हणाले, "नाना, चला, आज तुम्हांला काशीच्या महाराजांची विहीर दाखवितो." मला ती थट्टाच वाटली. पण मोटार शहर सोडून चिल्टर्न नावाच्या टेकड्या चढू लागली. दुतर्फा बीच वृक्षांची दाट राई होती. ती ओलांडून आम्ही स्टोक रो या गावी पोहोचलो.

गाव ते केवढे! मुख्य रस्ता एकच. विटांची आणि गारगोटीची घरे, पुढे फुलझाडे; एक प्रार्थनामंदिर, एक प्राथमिक शाळा, एक दुकान. पथिकाश्रमाचे नाव 'चेरी ट्री', कारण चेरीच्या बागांबद्दल हा भाग पूर्वीपासून प्रसिद्ध. अशा या अस्सल इंग्रजी देखाव्यात रस्त्याच्या कडेला खांबांवर तोललेला एक घुमट उभा आहे, आणि त्याखाली रहाटाच्या यंत्रावर सोनेरी हत्ती! क्षणभर मला काशीच्या घाटावर आल्याचा भास झाला.

विहिरीची कथा अशी. या टेकड्या खडूच्या. पाऊस पडला तरी पाणी मुरून खोल जाते, वर ठरत नाही. गावकऱ्यांची भिस्त डबक्यांवर आणि छपरांवरून साठविलेल्या पाण्यावर. जवळच्याच इप्सडेन येथील एडवर्ड रीड हे गृहस्थ त्या काळी हिंदुस्थानात मोठ्या हुद्द्यावर होते. 1831 साली आझमगड येथे लोकांसाठी विहीर खणण्याच्या कामी त्यांनी साह्य केले होते. बोलण्याच्या ओघात त्यांनी काशीनरेश ईश्वरीप्रसाद नारायण सिंह यांस आपल्याकडील पाण्याचे हाल सांगितले. घरात उरलेले शेवटचे घोटभर पाणी प्यायल्याबद्दल एका पोराला आईने मार दिला, अशी एक हकीकत त्यांत होती. महाराजांनी ती विसरली नाही. पुढे इंग्लंडात काही दान करावे असे मनात आले, तेव्हा त्यांस तहानेने व्याकूळ झालेले ते पोर आठवले.

10 मार्च 1863 रोजी कामास आरंभ झाला. अवघी चार फूट रुंद आणि 368 फूट खोल अशी ही विहीर माणसांनी हातांनी खणली. लंडनच्या सेंट पॉल मंदिराची उंची 365 फूट. म्हणजे ते मंदिर आत उतरविले तरी कळस काठाखालीच राहावा! 24 मे 1864 रोजी, राणी व्हिक्टोरियाच्या वाढदिवशी, ती लोकांस खुली झाली. खर्च साडेतीनशे पौंडांच्या वर आला. एक बादली वर यावयास दहा मिनिटे लागत. पण पाणी फुकट. देखभालीसाठी माणूस नेमून त्यास छोटेसे घर बांधून दिले. शेजारी चेरीची बाग लाविली, तिचे नाव 'ईश्री बाग'. तिच्या फळांच्या उत्पन्नातून विहिरीचा खर्च भागावा, ही योजना. दान देऊन मोकळे होणारे पुष्कळ. त्या दानाच्या उद्याची काळजी वाहणारे थोडे. पुढे नळ आले, तरी सुमारे सत्तर वर्षे गावाने या विहिरीचे पाणी वापरले. 1964 साली शताब्दीच्या समारंभास राणीचे पती प्रिन्स फिलिप आले होते. त्या वेळी विहिरीत गंगाजल ओतले गेले.

1857 च्या आगीनंतर इतक्या लवकर राज्यकर्त्यांच्या देशाला दिलेले हे दान. त्यात राजनिष्ठेचे प्रदर्शन नव्हते असे मी म्हणणार नाही. परंतु पाणी राणीला मिळाले नाही, मजुराच्या बायकोला मिळाले.

मी हे सारे नातीला सांगत होतो. तिने घुमटाखालून डोकावत विचारले, "नाना, इथलं पाणी कोणाला मिळायचं?"

"सगळ्यांना."

"आणि तुमच्या आजोळच्या विहिरीचं?"

आजोळच्या त्या विहिरीच्या गोष्टी मीच तिला हौसेने सांगितल्या होत्या. थंडगार पाणी, रहाटाची कुरकुर, काठावरचा सोनचाफा. एक गोष्ट मात्र सांगितली नव्हती. कुंपणाबाहेर एक बाई रिकामी घागर घेऊन उन्हात उभी असे. कोणाला तरी दया येऊन वरून पाणी ओतले जाईपर्यंत ती तशीच उभी राही. मी आठ-नऊ वर्षांचा होतो. पोहरा माझ्या हातात असे. तिला पाणी घालू का, असे एकदा आजीला विचारले, तेव्हा "आपल्याला काय करायचंय?" असे उत्तर मिळाले, आणि मीही पुन्हा विचारले नाही. त्याच आजीच्या देवघरात काशीहून आणलेल्या गंगेची पूजा होत असे.

नातीला तेथे उत्तर देणे मला जमले नाही. परतताना, बीचची राई मागे पडल्यावर, मी तिला त्या बाईची गोष्ट सांगितली. तिने सारे ऐकून घेतले आणि विचारले, "तिचं नाव काय होतं?"

ते मला ठाऊक नव्हते.