वाटा

आमच्या कोकणात वाटणी म्हटली की जमीन, कलमे आणि विहिरीचे पाणी डोळ्यांपुढे येते. कुणाचे किती माड, कुणाची कुठली हापूसची कलमे, हे हिशेब घराघरांत तोंडपाठ असतात. कागदावर बहिणींच्याही सह्या असतात, पण बऱ्याचदा त्या हक्कसोडपत्राखाली असतात. शरियतने मुलीचा हिस्सा नेमून दिला आहे, हे सगळ्यांना माहीत असते. आमच्या फुफूनेही अब्बांच्या वेळी अशीच सही केली होती. "भावांशी वैर कशाला?" एवढेच ती म्हणाली होती. माहेरी आली की तिला साडी मिळते, आंब्याची पेटी मिळते. सगळे तिला मोठ्या मनाची म्हणतात.

हे सोडून देणे मुलींना कोण शिकवते, याचा विचार आम्ही दोघे नवरा-बायको करू लागलो तो मुलांच्या सुट्टीतल्या एका शिबिरामुळे.

गोष्ट 2021 च्या मे महिन्यातली. मार्च 2020 पासून शाळा अशा भरल्याच नव्हत्या. त्यातच जुलै 2020 मध्ये नवे शैक्षणिक धोरण आले. माध्यमिक टप्प्याच्या आधीच, सहावीपासून, मुलांना कोडिंगची ओळख करून द्यावी असे त्यात म्हटले होते. लगेच मोबाईलवर जाहिरातींचा पाऊस पडू लागला. सहा-सात वर्षांचे मूल अ‍ॅप बनवणार आणि श्रीमंत होणार! आमच्या वाडीतले आईबाप या जाहिराती बघून धास्तावले होते. त्या क्लासांची फी आम्हाला झेपणारी नव्हती. अशात पुण्याच्या काही शिक्षकांनी पाचवी ते आठवीच्या मुलांसाठी गणित आणि कोडिंगचे दहा दिवसांचे मोफत ऑनलाईन शिबिर घ्यायचे ठरवले. आम्ही दोन्ही मुलांची नावे घातली. थोरली आठवीत, धाकटा सहावीत. घरात लॅपटॉप एकच, तोही मामूंनी दोह्याहून पाठवलेला, त्यांचा वापरून झालेला. इंटरनेट आमच्या मोबाईलचे.

शिबिर ईदच्या दुसऱ्या दिवशी, 15 मे रोजी सुरू झाले. 'स्क्रॅच' नावाचा कार्यक्रम होता. अमेरिकेतल्या एमआयटीने तो 2007 मध्ये जगातल्या मुलांसाठी खुला केला. त्यात आज्ञा टाईप कराव्या लागत नाहीत, रंगीत ठोकळे एकमेकांना जोडायचे असतात. शंभर पावले चाल, नव्वद अंश वळ, असे चार वेळा कर. पडद्यावरचे मांजर चालत जाते आणि मागे चौकोन उमटतो.

बाईंनी शिकवून झाल्यावर मुलांना स्वतः करायला चाळीस मिनिटे दिली. धाकट्याने लॅपटॉप मांडीवर ओढला. थोरली उठली आणि चहाचे भांडे विसळू लागली. "तू नाही करत?" असे विचारल्यावर म्हणाली, "त्याला करू दे. मी नंतर बघते."

संध्याकाळी आम्ही दोघांना वीस-वीस मिनिटे वाटून दिली. धाकटा मकतबमध्ये शिकलेले विसरला नव्हता. तो म्हणाला, "मुलाचे दोन वाटे, मुलीचा एक." दादी तस्बीह घेऊन बसली होती. तिने मान वर केली. "ती मय्यतीच्या मालाची वाटणी, बाळा. आम्ही अजून जिवंत आहोत. जित्या माणसाने लेकरांना द्यायचे ते सारखे द्यायचे." आणि थोरलीकडे बघून म्हणाली, "तिची वेळ तिची. ती नाही बसली तर तो डबा बंद राहू दे, पण दुसऱ्याला द्यायचा नाही."

दुसऱ्या दिवशी तौक्ते वादळ आमच्या किनाऱ्यावरून गेले. माड पडले, कैऱ्यांचा सडा पडला, लाईट गेली ती चार दिवस आलीच नाही. मोबाईलला रेंज नव्हती. बाईंनी त्रिकोण काढून आणायला सांगितले होते. धाकट्याने लॅपटॉपमध्ये उरलेल्या चार्जिंगवर तो करून बघितला होता. त्रिकोणाचा कोन साठ अंशांचा, म्हणून त्याने साठ अंश वळवले. त्रिकोण झालाच नाही. तीन रेघा सुपासारख्या उघड्याच राहिल्या.

थोरलीने अंगणातल्या ओल्या मातीत काठीने रेघ ओढली आणि भावाला म्हणाली, "तू मांजर. चाल." तो कोपऱ्यापर्यंत चालला. "आता किती वळलास?" त्याच्या नाकासमोरची दिशा आधी कुठे होती आणि आता कुठे आहे, हे तिने काठीने दाखवले. आतला कोन साठ, पण अंगाने वळावे लागते ते एकशेवीस. तीनदा वळले की तीनशेसाठ होतात आणि तोंड पुन्हा पहिल्या दिशेला येते. मग चौकोनाचे नव्वद का, पंचकोनाचे बहात्तर का, हे त्यांचे त्यांनाच सुटत गेले. पाच टोकांच्या चांदणीला एकशेचव्वेचाळीस लागतात, म्हणजे पाच वळणांत दोन पूर्ण फेरे होतात, हे तिने वहीत गणित मांडून काढले. लॅपटॉप तेव्हा कपाटात होता.

सेमूर पेपर्ट आणि त्यांच्या सोबत्यांनी 1967 मध्ये मुलांसाठी 'लोगो' ही संगणकाची भाषा तयार केली. कासव चालवून आकृत्या काढणे हा तिचा पुढे सर्वांत गाजलेला भाग. अडलात तर स्वतः कासव होऊन चाला, असे पेपर्ट मुलांना सुचवत. आमच्या अंगणात त्यांचे नाव कुणाला ठाऊक नव्हते.

आपल्याकडे अल्गोरिदमचा विषय निघाला की अल-ख्वारिझ्मींचे नाव अभिमानाने घेतले जाते. ते खरेच आहे. तो शब्द त्यांच्याच नावाच्या लॅटिन रूपावरून आला आणि अल्जिब्रा त्यांच्या ग्रंथाच्या नावातल्या 'अल-जब्र'वरून. पण खलिफा मामूनच्या काळात बगदादमध्ये लिहिलेल्या त्या ग्रंथाचा मोठा भाग वारसा आणि वसियत यांच्या हिशेबांचा आहे, हे फारसे कुणी सांगत नाही. कुणाला किती मिळायचे आणि ते चोख कसे काढायचे, हा प्रश्न त्या गणिताच्या पोटात आहे. नावाचा अभिमान बाळगायचा तर त्या प्रश्नाचाही बाळगायला हवा.

लाईट आल्यावर मुलांनी बुडालेले धडे भरून काढले. शेवटच्या दिवशी प्रत्येकाने घराच्या उपयोगाचे काहीतरी बनवायचे होते. धाकट्याने आंबे मोजण्याचा खेळ केला. थोरलीने पाळीचे घड्याळ केले. वीस मिनिटे झाली की मांजर ओरडते आणि पुढची पाळी कुणाची ते सांगते. पहिले काही दिवस मांजर तिचे नाव घेई तेव्हा ती सवयीने म्हणे, "राहू दे, मला भाकऱ्या टाकायच्यात." दादी लॅपटॉप मिटायला लावी आणि धाकट्याला तव्यापाशी बसवी. आठवडाभरात थोरली हात पुसून पडद्यासमोर येऊन बसू लागली. धाकट्याच्या भाकऱ्यांना चौथ्या दिवशी गोल आकार आला.

तिने पुढे कोडिंगच शिकावे असा आमचा हट्ट नाही. तिला पुढे इतिहास आवडेल, नाहीतर आणखी काही. पण आपले मागताना मान खाली घालू नये, एवढे तिला लहानपणी कळावे असे आम्हाला वाटते. वीस मिनिटे सोडायची सवय लागली तर वीस गुंठे सोडताना हात अडखळत नाही. मोठ्या मनाचे कौतुक जरूर व्हावे, पण आधी हातात हिस्सा यावा आणि मग ज्याचे त्याने ठरवावे.

दर मे महिन्यात अशी शिबिरे निघतात. कुठे फी असते, कुठे नसते. ज्या घरात यंत्र एक आणि मुले दोन-तीन असतील, त्यांनी नाव नोंदवण्याआधी पाळ्या कागदावर लिहून भिंतीला लावाव्यात. मुलीने "नंतर बघते" म्हटले, तरी तिची वेळ तिच्याच नावावर ठेवावी.